दारातली बाई

कोल्हापूर,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय आपा,

सलाम. आम्ही तिघं खुशाल. अब्बांचा खोकला थांबला. दिवाळीची शिलाई संपल्यामुळं मशीन दुपारचं बंद असतं आणि अब्बा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात. मुलांना माझा पापा दे.

एक प्रश्न विचारते, आणि आधीच सांगते की त्याचं उत्तर मला येत नाही. एखादी वस्तू वापरून वापरून जिचा हात कामातून गेला, तिला ती वस्तू डोळ्यांसमोर नको असते. जिनं ती कधी वापरलीच नाही तिला ती सुंदर वाटते. दोघींपैकी कुणाचं खरं? चार वर्षं मी सुंदर म्हणजे काय हेच शिकले. आपल्या घरातली पहिली पदवी आणली ती त्याचीच. परीक्षेत हा प्रश्न कधी आला नाही, आणि आता दोन आठवडे झाले तो डोक्यातून जात नाही. जेवताना येतो, बसमध्ये येतो. काल भाकरी करपवली.

फोनवर का नाही विचारलं म्हणशील. फोन केला की तू स्पीकर लावतेस. मग तुझ्या सासूबाई, नणंद आणि शेजारच्या काकी एकदम 'काय म्हणतीया मेहक' म्हणतात आणि माझं बोलायचं राहून जातं. शिवाय गेल्या वेळी तू फोन आपटलास. 'अम्मीला हॉटेलच्या दारात बसवणार हाईस व्हय गं?' एवढं बोललीस आणि ठेवलास. म्हणून हे पत्र. तुमच्याकडचे रिजवानभाई सोमवारी मार्केट यार्डात येणार आहेत, त्यांच्या हातात देईन. ते उघडून वाचणार नाहीत, आणि तूही सगळ्यांसमोर वाचू नकोस.

अम्मीनं तुला सांगितलं ते अर्धंच आहे. पहिल्यापासून सांगते.

आमच्या डिझाईनच्या ऑफिसकडं पन्हाळ्याच्या रस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलचं काम आलं आहे. मालक राजवर्धन म्हणून आहेत. घरचे पेट्रोल पंप आहेत, वय फार नाही, बोलायला मोकळे. त्यांना हॉटेल गावाकडच्या जुन्या घरासारखं हवं आहे. पुण्या-मुंबईची माणसं गाडीतून उतरली की त्यांना आजोळी आल्यासारखं वाटलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. हॉटेलचं नाव अजून ठरलेलं नाही. दर आठवड्याला एक नवीन नाव येतं आणि मी दर आठवड्याला नवीन पाटी काढते.

काम कसं चाललं आहे सांगितलं तर हसशील. भिंती सिमेंटच्या आहेत, त्या मातीच्या दिसाव्यात म्हणून गिलावा मुद्दाम ओबडधोबड करायचा. बाळासो गवंडी मला म्हणाले, "ताई, आजवर भिंत वाकडी आली म्हणून शिव्या खाल्ल्या. आता सरळ आली म्हणून खातोय." पाटा-वरवंटा अगदी नवाकोरा आणला आणि चहाची पूड उकळून त्या पाण्यात चार दिवस भिजत घातला, जुना दिसावा म्हणून. कंदील आहेत, आत बल्ब आहेत. यातलं निम्मं मीच सुचवलं. मला आवडलंही. कॉलेजमध्ये असताना वाटायचं, आपल्या मातीतल्या वस्तूंना मान मिळाला पाहिजे, परदेशी सोफ्यांच्या नकला पुरे झाल्या. ही संधी आली तेव्हा मी घरी नाचले होते.

आता चित्राचं सांगते. काम सुरू करायच्या आधी आम्ही संगणकावर मालकाला एक चित्र करून दाखवतो. इमारत झाल्यावर कशी दिसेल, ऊन कुठून येईल, सगळं फोटोसारखं. त्यात माणसंही टाकावी लागतात, नाहीतर जागा ओसाड दिसते. अशी कापून ठेवलेली तयार माणसं संगणकात मिळतात. पण ती सगळी तिकडची. सोनेरी केस, हातात कॉफी, कुत्रं धरलेलं. आपल्या ओसरीवर ती बसवली तर शूटिंगला आल्यासारखी दिसतात. साडीतली एक सापडली, ती विमानातली निघाली.

दाराशेजारी मी एक ओटा काढला होता, त्यावर पाटा-वरवंटा ठेवला होता. तिथं कुणीतरी हवं होतं. माझ्या फोनमध्ये अम्मीचा एक फोटो होता. तुला आठवत असेल, दोन वर्षांपूर्वी तुझे सासरे अचानक जेवायला आले आणि लाईट गेली होती. मिक्सर बंद. अम्मी पाट्यावर खोबरं वाटायला बसली. दारातून ऊन असं काही तिच्या खांद्यावर पडलं होतं की मी पटकन फोटो काढला. तोच कापून घेतला, थोडा साफ केला आणि ओट्यावर बसवला.

मीटिंगमध्ये राजवर्धन सगळी चित्रं भराभर बघत गेले आणि त्या एकावर थांबले.

"ही बाई कोण ओ?"

संयोगिता मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्य, माझ्याकडं बघितलं. "आमच्या मेहकनं टाकलीय. नुसती कल्पना यावी म्हणून."

"कल्पना बिल्पना न्हाई, हीच पायजे. बघा की, ओव्या म्हणतीया! तोंड बघा." ते एकदम हळवे झाले. "आमची आज्जी अशीच बसायची ओ. माणूस दारात आला की पहिल्यांदा हिनंच दिसाय पायजे. कुठं मिळंल ही?"

आपा, अम्मी ओव्या म्हणत नव्हती. लाईटवाल्यांना शिव्या देत होती.

मी हसू दाबलं. आणि म्हणाले, "सर, त्या माझ्या ओळखीच्या आहेत."

ओळखीच्या.

हे तुला सांगितल्याशिवाय पुढं लिहिता येईना म्हणून लिहिलं. असं का म्हणाले, कुणी विचारू नये.

घरी आल्यावर मी हा किस्सा म्हणून सांगितला. अब्बा हसले. अम्मी लसूण सोलत होती, ती हसली नाही. म्हणाली, "पगार देणार हाय?"

"अम्मी, चेष्टा आहे ती."

"चेष्टा तू करतीयास. मी ईचारतोय. देणार हाय का?"

"देतील की. पण तू पाट्यावर? डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"दिवसभर वाटायचं व्हय?"

"नाही गं. वाटायचं काहीच नाही. चटणी आतून मिक्सरचीच येणार. तू नुसता हात फिरवायचा, लोकांना दिसावं म्हणून."

तेव्हा ती हसली. एवढी हसली की सोललेला लसूण ताटातून सांडला. "एवढ्या वर्सांत कुणी सांगितलं न्हाई गं बाई, की नुसता हात फिरवला तरी चालतंय!"

मग हसू थांबल्यावर जे बोलली ते तुला तसंच्या तसं लिहिते, कारण तू माझ्यावर चिडली आहेस आणि तिला काय वाटतं ते तू विचारलंच नाहीस. ती म्हणाली, "वर्साची तिखट चटणी करून द्यायचं काम उन्हाळ्यापुरतं. त्यात आता निम्म्या बायका पुडी आणत्यात. बाकीचं साल ह्या चार भिंतीत बसून मनगटाला तेल लावायचं. लोकांच्या घरात सगळी हयात मागच्या दारानं गेलो मी. ह्यो माणूस पुढच्या दारात बसवतो म्हणतोय, तर तुमच्या दोघींच्या पोटात का दुखतंय?"

अब्बा म्हणाले, "तुझी मर्जी," आणि पेपरात तोंड घातलं.

तर असं आहे. मी तिला बसवत नाही, ती बसायला निघाली आहे. उद्या जागा बघायला नेणार आहे. पत्र इथंच थांबवते, हॉटेलच्या पाटीचं नवीन नाव आलं आहे.

रविवार

आपा, शुक्रवारचं वाचून काढलं. फाडून टाकावंसं वाटलं. खोटं असं त्यात काही नाही, पण जे लिहायचं होतं त्याच्या अवतीभवती मी गिरट्या घातल्या आहेत. फाडलं नाही, कारण फाडलं तर परत तेवढंसुद्धा लिहायची नाही.

काल अम्मीला घेऊन गेले. तिनं तुझ्या लग्नातली जांभळी साडी नेसली होती, केसांना पिना लावून डोक्यावरून पदर घेतला होता. दुखऱ्या मनगटाला डॉक्टरांचा पट्टा होताच. बसमध्ये खिडकीशी बसली आणि दिसेल त्या हॉटेलची पाटी वाचत गेली. खुशीत होती. तिला इतकी खुशीत बघून मला वाटलं, बरं झालं, उगाच जिवाला लावून घेत होते.

राजवर्धन स्वतः आले होते. आल्या आल्या वाकून नमस्कार केला, "या मावशी, या! तुमचीच वाट बघतोय." तिला ओटा दाखवला. ती बसून बघायला लागली तर गुडघा वाकेना, मी हात दिला. वरवंट्यावर हात ठेवून म्हणाली, "ह्याला टाकी दिलेली न्हाई, दगड गुळगुळीत हाय. ह्याच्यावर चिंच सुदीक वाटायची न्हाई." राजवर्धन खो खो हसले. म्हणाले, "वाटायचं कुणाला हाय मावशी! तुम्ही नुसतं बसायचं. नऊवारी आम्ही देतो. नथ देतो. आणि कपाळाला कुंकू असं ठसठशीत, फोटोत हाय तसं."

अम्मी म्हणाली, "कुठल्या फोटोत?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन तिच्यापुढं धरला.

आता लिहिते, मी फोटो साफ केला म्हणजे काय केलं. तिची साडी निळ्या फुलांची, नायलॉनची होती. ती मी विटकरी केली, सुती वाटावी अशी. मागं मिक्सर होता, तो काढला. प्लास्टिकची हिरवी बादली होती, तिथं तांब्याची घागर ठेवली. मनगटाचा पट्टा पुसला. तो पुसायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण खाली कातडीचा रंग जुळवावा लागतो. आणि एवढं सगळं झाल्यावर मी लांबून बघितलं, तरी ती आपल्याला हवी ती बाई दिसेना. काहीतरी कमी वाटत होतं. म्हणून मी तिच्या कपाळावर कुंकू लावलं.

मला एका क्षणासाठीसुद्धा चुकल्यासारखं वाटलं नाही. हे तुला मुद्दाम सांगते. गावाकडची बाई म्हणजे नऊवारी, घागर, कुंकू, असं माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं आहे की त्या बाईत माझी स्वतःची आई बसत नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. मी कुंकू लावलं आणि म्हणाले, आता जमलं.

अम्मीनं बराच वेळ बघितलं. तिला जवळचं नीट दिसत नाही, फोन लांब धरला. म्हणाली, "चांगला हाय फोटो." आणि पाणी मागितलं.

राजवर्धननी विचारलं, "मावशी, तुमचं नाव काय म्हणायचं?"

"रशिदा."

ते क्षणभर थांबले. फक्त क्षणभरच. वाईट माणूस नाहीत ते. लगेच म्हणाले, "बरं बरं. त्यात काय ओ! आमच्या गावात पीराला पहिला निवद आमच्या घरचा असतोय, अजून. आम्हाला काय फरक पडत न्हाई." मग माझ्याकडं वळून, मला समजावल्यासारखं, "आणि दारात बसलेल्या बाईला नाव कोण ईचारतंय?"

त्यांनी आम्हाला चहा दिला, सोडायला गाडी देऊ केली. अम्मी म्हणाली, बसनंच जातो. परत येताना तिनं पाट्या वाचल्या नाहीत.

घरी आल्यावर चूल, म्हणजे गॅस, पेटवला, भात लावला. मी मागं मागं फिरत होते. शेवटी मीच म्हणाले, "अम्मी, ते चित्र आहे गं. खरं नाही ते."

"चितर माझंच हाय की."

"माझं चुकलं."

ती कुकरकडं बघत होती. "शुक्रवार पेठेतल्या बायडाबाई ठावं हाईत न्हवं तुला? चटणीला जातो मी त्यांच्याकडं. चैताचं हळदीकुंकू असलं की मला हाक मारत्यात. दरसाल करंडा घेऊन म्होरं येत्यात आणि ईचारत्यात, 'रशिदा, लावू का गं?' मी म्हणतो, 'गजरा द्या बाई.' मग गजरा देत्यात, पन्हं देत्यात, भिजलेलं हरभरं पदरात घालत्यात. म्हातारीला ठावं हाय मी काय म्हणणार ते. तरी दरसाल ईचारती. तिच्या सुना हसत्यात, म्हणत्यात, आत्ती, कशाला ईचारताय? तरी ईचारती."

मग कुकरची शिट्टी झाली. तिनं गॅस बारीक केला.

"तू ईचारलं न्हाईस," ती म्हणाली. "ईचारलं असतंस तर काय सांगावं, फोटोपुरतं लावून घेतलं बी असतं. पोरीचं काम हाय म्हणून. पण तू ईचारलं न्हाईस. आणि हातावरचा पट्टा का काढलास? त्यात काय लाज?"

मी म्हटलं, लाज नाही, चित्रात तो विचित्र दिसत होता.

"मला बी विचित्रच दिसतोय," ती म्हणाली. "काढता येत न्हाई."

काल नीट झोप नाही. आज सकाळपासून हे लिहिते आहे, मधे दोनदा उठून रंकाळ्यापर्यंत चालत जाऊन आले. तिथल्या कठड्यावर माणसं भेळ खात होती, फोटो काढत होती, सगळ्यांना सगळं ठाऊक असल्यासारखी. मला वाटलं होतं, राजवर्धनवर राग काढता येईल. आला नाही. त्यांना त्यांची आज्जी हवी आहे, आणि ती विकत मिळेल असं त्यांना मी दाखवलं. मॅडमवर राग काढावा म्हटलं तर त्यांनी फोटो बघितलासुद्धा नव्हता. अम्मीला 'जाऊ नकोस' म्हणावं तर तिनं मला आधीच सांगितलं आहे, पुढचं दार.

आणखी एक राहिलं. तुझ्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही.

ते चित्र पूर्ण झालं त्या दिवशी मी ते फोनवर घेऊन आले होते. रात्री अम्मी शेजारी बसून सिरियल बघत होती, मॅक्सीवर, खांद्यावर टॉवेल, केसांना काळी मेंदी, जांभई देत. आणि मी गुपचूप त्या चित्रातल्या बाईकडं बघत होते. ती मला जास्त आवडली. शांत, स्वच्छ, कुठं काही न दुखणारी. मला वाटलं, माझी आई अशी असती तर. आपा, दुसऱ्या कुणी माझी आई खोटी केली असती तर मी रस्त्यावर उभी राहून भांडले असते. मी ती केली आणि वर तिच्यावर जीव जडवला. 'ओळखीच्या आहेत' म्हणाले, ते त्यामुळं. चित्रातली ती माझी आई नव्हतीच. तिला मी ओळखत होते फक्त.

तुझ्या हॉलमधल्या टाईल्सवरून आपलं जे झालं, तेही यातलंच असावं असं आता वाटतं. धबधब्याचं चित्र असलेल्या टाईल्स, त्यांच्यावर निळे दिवे. मी दारातच म्हणाले होते, 'हे काय लावलंस गं?' तू म्हणालीस, 'तू ऱ्हायला येणार हाईस का हितं? न्हाई न्हवं? मग मला आवडतंय.' तेव्हा मला वाटलं, आपाला कळत नाही. टाईल्स मला अजूनही आवडत नाहीत, खोटं कशाला लिहू. पण त्या धबधब्याखाली तुझी मुलं पाण्याचा आवाज काढत झोपतात हे मी बघितलं होतं आणि बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

बस. हात दुखायला लागला. हे लिहिताना हसू आलं.

सोमवार, सकाळी

रिजवानभाई दुपारी येतील, त्याआधी एवढं लिहून पुरं करते.

काल संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला आणि दोन वर्षांपूर्वीचा मूळ फोटो काढला. दारातलं सगळं चित्र तेच ठेवलं. ओबडधोबड भिंत, कंदील, ऊन. त्यात अम्मी आहे तशी बसवली. निळ्या फुलांची नायलॉनची साडी. मनगटावर पट्टा. मागं मिक्सर, वायर लोंबकळणारी. हिरवी बादली. कपाळ तिचं, तिच्यासारखं. तोंड उघडं, शिवी अर्धी बाहेर.

डिझाईन म्हणून बघितलं तर चित्र बिघडलं आहे. मांडणी सगळी फुटते, डोळा आधी बादलीवर जातो. कॉलेजमध्ये दाखवलं असतं तर सरांनी परत करून आणायला सांगितलं असतं. मी किती वेळ त्याच्याकडं बघत बसले सांगता येत नाही.

मग अम्मीला बोलावलं आणि दाखवलं. "हे त्यांना पाठवू का? तू नको म्हणालीस तर नाही पाठवत."

तिनं चष्मा आणला. बघितलं. "तोंड मिटलेला न्हाई व्हय एखादा?"

"नाही."

"मग असू दे. दिल्या त्या दिल्या शिव्या." थोड्या वेळानं बोट ठेवून म्हणाली, "हितं वट्यावर नगो बसवू. गुडघं जात्यात. खुर्ची काढ, पाठ टेकायची. म्होरं टेबल. आन मिक्सर चालू पायजे, शोभंला न्हवं. चटणी करायची तर मी माझ्या हातची करून देतो. नुसता हात फिरवायला मी काय नाटकात हाय?"

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर न्हाई. बायडाबाईच्या सुनंनं परवा ईचारलंय, डबं कराल का म्हणून." मग माझ्याकडं बघून, "तुझ्या नोकरीचं काय?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"आदी चार घास खा, मग माहीत करून घे," म्हणाली आणि आत गेली.

मी चित्रातला ओटा पुसला. खुर्ची काढली, टेबल काढलं, त्यावर चालू मिक्सर. अब्बांनी बाजूनं डोकावून बघितलं आणि म्हणाले, टेबलाला ड्रॉवर पाहिजे. तोही काढला.

चित्राखाली आम्ही नेहमी सामानाची नावं लिहितो, फरशी कुठली, लाकूड कुठलं. तिथं मी लिहिलं: 'रशिदा. चटणी करतात. माझी आई.' आणि मेलमध्ये सरळ सगळं लिहिलं. आधीच्या चित्रात काय काय बदललं ते, कुंकू मीच लावलं ते, आईला न विचारता लावलं ते. दारात कुणाला तरी बसवायचं असेल तर ही बाई अशी येईल, नाव सांगून येईल, हे लिहिलं. आणि नुसती शोभेला बाई हवी असेल तर ते चित्र मी काढणार नाही, दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावं, हेही लिहिलं. राजवर्धनना पाठवला, मॅडमनाही.

मॅडमचा फोन येऊन गेला. मी उचलला. त्या ओरडल्या नाहीत. "मेहक, हे आधी माझ्याशी बोलायला हवं होतंस," एवढंच म्हणाल्या, आणि साडेअकराला केबिनमध्ये ये म्हणाल्या. त्यांचं बरोबर आहे. त्यांनाही मी विचारलं नव्हतं. राजवर्धनांकडून अजून काही नाही.

पहिल्या पानावरच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून येत नाही. पण आता भूक लागते आहे, हे खरं.

पत्र वाचून झालं की फोन कर. स्पीकर लावलास तरी चालेल. अम्मीला मात्र टोचून बोलू नकोस. ती कुठंही बसली तरी स्वतः ठरवून बसेल, आणि कशी दिसेल हे आता माझ्या हातात नाही. मेल गेला आहे.

अम्मीची मुलगी, आणि तुझीही,
मेहक